नव्या पाळकाचा आठवडा: कुठून सुरुवात करायची, काय सांभाळायचं

सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती पाळकांच्या प्रशिक्षणसंस्थेत, हिब्रू शिकवतात, समुपदेशन शिकवतात, मंडळीचा इतिहास शिकवतात. नेमणूक झाल्यावर येणाऱ्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. सांगायची गरजही पडत नाही म्हणा, कारण तोवर दारात कुणीतरी उभं असतं: "जय ख्रिस्त पाळकसाहेब, जरा घरी येऊन जाता का?" तुम्ही जाता. तिथून शेजारच्या घरी, तिथून दवाखान्यात. शनिवारी रात्री अकराला लक्षात येतं की उपदेशाची एक ओळ लिहिलेली नाही.

तालुक्याच्या किंवा खेड्यातल्या मराठी मंडळीत (चर्चच्या स्थानिक समुदायात), जिथे दोन-तीन वस्त्या जोडून एकटाच पाळक असतो, अशा नव्या माणसासाठी हे लिहितोय. शहरातल्यांनी आणि स्वतंत्र मंडळ्यांतल्यांनी आपल्याला लागू पडेल तेवढं घ्यावं. माझं मुख्य म्हणणं एवढंच की पाळकाचा आठवडा मंगळवारी ठरतो. रविवारचा उतारा, म्हणजे उपदेशासाठीचा पवित्र शास्त्रातला भाग, मंगळवारी हातात असेल, तर भेटी, सभा आणि तरुणांना शिकवणं ही सगळी कामं त्याच उताऱ्याभोवती फिरतात आणि रविवारसाठी वेगळा वेळ उपसावा लागत नाही.

## १. पहिला महिना काही बदलू नका, विचारून घ्या

वेळापत्रक आखण्याआधी सेक्रेटरीला आणि मंडळीतल्या दोन जुन्या माणसांना चार प्रश्न विचारा.

आठवडी बाजार कुठल्या वारी? त्या संध्याकाळी प्रार्थनासभा ठेवलीत तर तुम्ही, पेटी वाजवणारा आणि एखादी आजी, एवढेच जमाल.

शेतीच्या लाइटीची पाळी कशी असते? रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात पुरुषमाणसं दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) शेतात असतात. ती सभेला आली नाहीत म्हणजे त्यांचा विश्वास थंडावला, असा अर्थ काढू नका.

ऊसतोडीला किती घरं जातात? पाथर्डी, शेवगाव, बीड या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे अर्धी वस्ती कारखान्यावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. दृढीकरणाचे (बाप्तिस्मा झालेल्यांनी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचे) वर्ग, मुलांच्या परीक्षा, मंडळीची वार्षिक सभा हे सगळं त्या हिशेबाने लावावं लागतं.

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: मंडळी मूळची कुठल्या मिशनची? चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन स्थापन झाली. कागदावर पन्नास वर्षं उलटून गेली, पण बाकांवरच्या सवयी त्याहून जुन्या आहेत. जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या गावात लोकांना मनातून आलेली प्रार्थना हवी असते; पुस्तकातून वाचलीत तर कुजबुज होते. जुन्या अँग्लिकन मंडळीत उपासनाक्रमातलं एक वाक्य गाळलंत तरी तिसऱ्या बाकावरचे आजोबा दारात थांबून विचारतात. दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. तुम्ही नवीन आहात.

## २. हाताशी काय हवं

कागदपत्रं एका फायलीत लावा आणि त्यांच्या झेरॉक्स घरच्यांना माहीत असलेल्या ठिकाणी ठेवा:

- दीक्षेचं प्रमाणपत्र आणि नेमणुकीचं पत्र
- विवाह लावण्याच्या अधिकाराचा कागद (तुमच्या पंथाप्रमाणे तो परवाना असेल किंवा दीक्षेवरून आलेला अधिकार, कार्यालयाकडून लेखी घ्या)
- बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं. ताबा घेताना शेवटचा नोंद क्रमांक लिहून जुन्या-नव्या दोघांच्या सह्या
- मंडळीची यादी, वस्तीवार

रोजच्या पिशवीत: मंडळीत वाचतात तेच मराठी पवित्र शास्त्र, सोप्या भाषांतराची दुसरी प्रत, मोठ्या टायपातली स्तोत्रसंहिता, उपासना संगीत (गीतांचं पुस्तक), आजाऱ्यांसाठी प्रभूभोजनाचा छोटा संच, बॅटरी, आणि खिशात मावणारी वही. मोबाइलमध्ये सगळं असतं, मान्य. पण आजाऱ्याच्या खाटेशेजारी बसून तुम्ही स्क्रीनवर बोट फिरवू लागलात की घरच्यांना वाटतं साहेब व्हॉट्सअॅप बघतायत.

## ३. पहाट स्वतःसाठी

उपदेशासाठी वाचणं आणि स्वतःसाठी वाचणं वेगळं ठेवा. नवे पाळक इथेच फसतात. रविवारचा उतारा दहा वेळा वाचला म्हणजे भक्ती झाली असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही दर ओळीत दुसऱ्यांना सांगण्यासारखं काहीतरी शोधत असता. पहाटेच्या वाचनातून उपदेश काढायचा नाही, असा नियमच करा. अगदीच राहवलं नाही तर वहीत एक शब्द टिपा आणि पुढे चला.

स्तोत्रं वाचण्याची एक जुनी सोपी पद्धत आहे. तारखेचं स्तोत्र घ्या आणि तीस-तीस मिळवत जा. पाच तारखेला ५, ३५, ६५, ९५, १२५. रोज पाच, महिन्यात दीडशे पूर्ण. २९ तारखेला ११९वं येतं, १७६ वचनांचं. त्या दिवशी अर्धा तास लवकर उठा. पद्धतीचा फायदा असा की मनाला रुचतील तीच स्तोत्रं वाचली जात नाहीत. आनंदात असताना विलाप वाचावा लागतो आणि वैतागलेले असताना स्तुती. मंडळीत दोन्ही अवस्थेतली माणसं त्याच दिवशी तुम्हाला भेटणार असतात.

मार्क १:३५ मध्ये येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. पुढच्याच वचनात त्याचा शिष्य शिमोन आणि इतर त्याला शोधत येतात, कारण सगळे त्याला शोधत असतात. आजचे शिमोन फोन करतात. सात वाजेपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अडीअडचणीला उचलला जाईल असा सेक्रेटरीचा नंबर मंडळीला द्या. सहा महिन्यांत लोकांना सवय होते.

## ४. मंगळवार: उतारा धरा

सकाळी टेबलाशी बसा. वाचनसूची (दर रविवारचे ठरलेले शास्त्रपाठ) पाळणारी मंडळी असेल तर उतारा ठरलेलाच आहे. नसेल तर एखादं शुभवर्तमान सलग घ्या. आवडीची वचनं उचलत राहिलात तर वर्षभरात तुमचे चार-पाच लाडके विषय मंडळीला पाठ होतात.

मंगळवारी उपदेश लिहायचा नाही. उतारा मोठ्याने तीन वेळा वाचायचा, न कळलेलं वहीत लिहायचं, टीकाग्रंथ (शास्त्राचा अर्थ उलगडणारं पुस्तक) असेल तर बघायचा, आणि शेवटी एका वाक्यात लिहायचं: हा उतारा काय म्हणतो. ते वाक्य शनिवारपर्यंत बदलेल, बदलू द्या.

यूट्यूबवर त्याच उताऱ्यावरचे उपदेश शुक्रवारपर्यंत ऐकू नका. आधी ऐकलेत की तुमच्या तोंडी दुसऱ्याची वाक्यं येतात, आणि ती बहुतेकदा अमेरिकेतल्या वाहनतळाबद्दल असतात.

## ५. घरभेटी

मंगळवार दुपारनंतर, बुधवार आणि गुरुवार हे भेटींचे दिवस. किती घरं करायची? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये किडरमिन्स्टरला रिचर्ड बॅक्स्टर हे पाळक आणि त्यांचे सहकारी सोमवार-मंगळवार याच कामाला देत; आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, म्हणजे आठशेहून जास्त कुटुंबांची मंडळी वर्षभरात होई. तुमच्याकडे दोनशे घरं असतील तर आठवड्याला पाच पुरतात. आजारी आणि शोकातली घरं यात धरू नका, ती वेगळी.

यादीतलं पुढचं घर, हा नियम. तो नसेल तर गाडी आपोआप डांबरी रस्त्यालगतच्या, सोफा असलेल्या घरांकडे वळते. मंडळी हे बरोबर मोजते.

भेट साधारण अशी. निरोप आधी दिलेला असतो, म्हणून सतरंजी अंथरलेली असते. पाणी घ्या. चहाचं आधीच सांगून ठेवा की आज एकाच घरी घेणार, नाहीतर पाचव्या घरी पोटात आग पडते आणि नाही म्हटलं तर माणसं दुखावतात. मग ऐका. पहिली दहा मिनिटं पावसाची आणि बाजारभावाची असतात, ती तोडू नका. खरी गोष्ट त्यानंतर येते, पुष्कळदा तुम्ही उठायला लागल्यावर. घरातल्या आजींना एखादं स्तोत्र म्हणायला सांगा. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली असते, पुस्तक मांडीवर उघडं असतं, पण त्या पानाकडे बघत नाहीत; जुन्या भाषांतरातलं तेविसावं स्तोत्र त्यांना तोंडपाठ असतं. तुमच्या नव्या प्रतीत शब्द वेगळे असतील तर त्या तुम्हालाच दुरुस्त करतील. करू द्या.

त्यानंतर रविवारचा उतारा वाचा आणि एकच प्रश्न विचारा: "यात काय पटत नाही?" काय आवडलं असं विचारलंत तर "सगळंच चांगलं आहे साहेब" हे उत्तर मिळतं. पटत नाही विचारलं की लोक बोलतात. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या, मत्तय २०. तासभर राबलेल्याला दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी, हे रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला विचारून बघा. तिचा आक्षेप सेमिनरीतल्या पुस्तकात सापडणार नाही आणि तुमच्या उपदेशाला तिथेच पाया मिळेल.

प्रार्थना थोडक्यात, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन. मुलांची नावं विसरलात तर आधी विचारून घ्या, अंदाजाने घेऊ नका.

बाहेर पडल्यावर वहीत तारीख आणि लक्षात ठेवायची गोष्ट: ऑपरेशन सोमवारी, पोरीची बारावी, बोअर लागली नाही. गुपितं वहीत लिहायची नाहीत. वह्या हरवतात.

भेटींतले सापळे:

- घरात ऐकलेलं व्यासपीठावर आणणं. नाव न घेता सांगितलं तरी गावात सगळ्यांना कळतं. उपदेशात प्रश्न आणा, माणूस आणू नका.
- भावकीच्या किंवा कमिटीच्या भांडणात पहिल्याच भेटीत मत देणं. दुसरी बाजू ऐकायला जाईपर्यंत तुमचं मत तुमच्याआधी पोचलेलं असतं.
- उसने पैसे देणं-घेणं. गरज खरी असेल तर मंडळीच्या गरीब-फंडातून, कमिटीच्या माहितीने.
- आजाऱ्याला औषध सोडायला सांगणं, किंवा घरचे सोडत असताना गप्प बसणं. याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावा, प्रार्थना करा आणि पुढची तपासणी कधी आहे तेही विचारा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. तो कायदा एकदा नीट वाचून ठेवा.
- बाई घरात एकटी असताना आत बसणं. ओट्यावर बसा किंवा महिला मंडळातल्या कुणाला सोबत घ्या.

## ६. सभा

बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी वस्तीवर प्रार्थनासभा, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, ही बहुतेक ठिकाणची रूढ रचना. आहे ती चालू ठेवा. नवीन सभा सुरू करण्याचा मोह होईल, आवरा. सुरू करणं सोपं असतं आणि बंद करताना बंड होतं. वस्तीवरच्या सभेत तोच रविवारचा उतारा घ्या, पंधरा मिनिटं, बाकी वेळ गाणी आणि प्रार्थना. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं अजूनही झांजांवर सगळ्यात खुली म्हटली जातात, असा माझा अनुभव.

## ७. माणसं घडवणं

आठवड्यातून फक्त तीन-चार तास, पण ते कुणाला द्यायचे हे ठरलेलं हवं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात २:२ मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ती ज्यांना शिकवतील ती, अशा चार पिढ्या एका वाक्यात आहेत. गर्दी जमवायची नाही. तीन माणसं निवडा: संडे स्कूल शिकवणारी एक ताई, वडीलमंडळातला एक प्रौढ, आणि एक तरुण. तरुण निवडताना गिटार वाजवणारा सोडून खुर्च्या आवरायला थांबतो तो बघा.

सुरुवात शास्त्रवाचनापासून करा. गुरुवारी त्या तरुणाला उतारा द्या. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये त्याला पुढे उभं करून मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. पहिल्यांदा तो गाडी चुकत असल्यासारखा वाचतो, कफर्णहूमसारख्या नावापाशी अडखळतो आणि स्वल्पविराम गिळतो. चुका काढू नका. "ऐकू आलं नाही" एवढंच म्हणा. दोन-तीन वेळा म्हटलंत की तो स्वतः हळू होतो. मग विचारा, हे कोण कुणाला बोलतंय, रागाने की मायेने? त्याचं उत्तर ठरलं की वाचन आपोआप सुधारतं.

पुढची पायरी आजाऱ्याच्या भेटीची. पहिल्यांदा तो फक्त सोबत येतो. दुसऱ्यांदा स्तोत्र वाचतो. तिसऱ्यांदा प्रार्थना करतो. चौथ्यांदा तुम्ही ओट्यावर थांबता आणि तो आत जातो. परत येताना गाडीवर बोलायचं, लगेच, कारण घरी पोचेपर्यंत त्याला काय वाटलं ते विरून जातं.

अल्पवयीन मुलामुलींबाबत नियम कडक ठेवा. बंद खोलीत एकट्याने शिकवणी नाही, रात्री खासगी मेसेज नाहीत, शिबिरात कायम दोन मोठी माणसं, त्यात एक स्त्री. मुलावर अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "कमिटीत मिटवू" म्हणणारे भेटतील; त्यांचं ऐकू नका.

आणि पाळकीणबाई, म्हणजे तुमच्या पत्नी. त्या मंडळीच्या बिनपगारी नोकर नाहीत. त्यांना आवड असेल तर महिला मंडळात जातील, नसेल तर नाही. हे पहिल्याच महिन्यात कमिटीला तुम्ही सांगायचं, त्यांना सांगायला लावू नका.

तुम्हालाही कुणीतरी हवं. महिन्यातून एकदा भेटाल असा वडीलधारा पाळक शोधा, शक्यतो निवृत्त, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला. सुपरिंटेंडंट (तुमच्या वरचे, पाळकांवर देखरेख करणारे) कितीही प्रेमळ असले तरी तुमच्या बदलीत त्यांचा शब्द असतो, त्यामुळे सगळं मोकळं बोललं जात नाही.

## ८. शुक्रवार ते रविवार

शुक्रवारी सकाळी उपदेश लिहा. भेटींत मिळालेले आक्षेप समोर ठेवा, त्यातला सगळ्यात अवघड एक घ्या आणि त्याला उत्तर द्या. वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. दुसऱ्या वस्तीवर साडेअकराला आणि तिसऱ्यावर दुपारी चारला हाच उपदेश करायचा असतो. आवाज आणि पेट्रोल दोन्ही जपून वापरा. शनिवारी एकदा मोठ्याने वाचून वही मिटा.

रविवारी अर्पणाच्या पैशांना हात लावू नका. मोजायला दोन माणसं, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी खजिनदाराने बँकेत भरणं. परदेशातल्या ओळखीच्या कुणी सेवेसाठी पैसे पाठवतो म्हटलं तर स्वतःचा खातेक्रमांक देऊ नका. सेवाकार्यासाठी येणाऱ्या परकीय देणगीला एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते.

## ९. सोमवार

सुट्टी. बोर्डावर लिहून लावा. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागत पडलेला असतो, तेव्हा देवाचा दूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा जेवू घालतो. सोमवारी मुलांना शाळेत सोडा, गाडीचं ऑइल बदला, झोपा. मंडळीच्या हद्दीत राहिलात तर सुट्टी मिळणार नाही, तेव्हा जमेल तर बाहेर पडा.

## १०. मयत आणि लग्न: आठवडा मोडतो तेव्हा

मयत झाली की बाकीचं सगळं बाजूला. आधी घरी जा, कागद नंतर. मग डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आहे का बघा, कबरस्तानाच्या जागेचं कमिटीशी बोला, दफन रजिस्टर त्याच दिवशी भरा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांत नोंद करायला घरच्यांना आठवण करा. शोकात ते राहून जातं आणि पुढे वारसाच्या कागदांना अडतं.

लग्नाची तारीख तोंडी देऊ नका. आधी दोघांचे वयाचे पुरावे, बाप्तिस्म्याचे दाखले, आधीचं लग्न झालेलं असेल तर निवाड्याची किंवा मृत्यूची प्रत. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान लागायला हवं (विशेष परवान्याची तरतूद वेगळी) आणि तुमच्याशिवाय किमान दोन साक्षीदार हवेत. चारचं लग्न म्हणून छापतात, वरात आणि फोटो आटोपून माणसं पावणेसातला येतात. पत्रिका छापण्याआधीच नवऱ्यामुलाच्या मामाला हे सांगून ठेवा; आईवडिलांना सांगून उपयोग नसतो, त्या दिवशी मामाचंच चालतं.

अशा आठवड्यात कापायचं काय, त्याचा क्रम: आधी कमिटीची बैठक पुढे ढकला, मग यादीतल्या घरभेटी, मग वस्तीवरची सभा वडीलमंडळातल्या त्या प्रौढाकडे द्या. उपदेश नवीन लिहायचा हट्ट सोडा. मंगळवारचं एक वाक्य आणि घरांतून मिळालेले दोन आक्षेप घेऊन पंधरा मिनिटं बोललात तरी चालतं. पहाटेचं वाचन आणि सोमवार मात्र कापायचा नाही. सोमवार अंत्यविधीतच गेला असेल तर त्याच आठवड्यात दुसरा अर्धा दिवस घ्या आणि तसं सेक्रेटरीला कळवा.